कॉलेजांचं गाव झालं बेळगाव, पण महामार्गाच्या निधीत विद्यार्थी मोजतं कोण?

खानापूर रोडची प्राध्यापिका

नमस्कार. मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या पुढे एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या भागातले काही शिक्षक आणि पालक मिळून खासदारांना निवेदन देणार आहेत, आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. विषयाची ओळ सर्वांनी मिळून ठरवली: ‘झपाट्याने वाढणाऱ्या शैक्षणिक शहराला महामार्गासाठी वाढीव निधी मिळावा.’ त्याच्या खाली नेमकं काय मागायचं, यावर मात्र बैठकीत एकमत झालं नाही. म्हणून इथे विचारतेय.

आधी माझं म्हणणं सांगते. बेळगावला शिक्षण नवीन नाही. केएलई ही शिक्षणसंस्था १९१६ची, लिंगराज कॉलेज १९३३चं. पण तेव्हाची कॉलेजं गावात होती. आमच्या घरातली मोठी माणसं आरपीडीला नाहीतर लिंगराजला सायकलवरून गेली. जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज १९६३ला आलं, जीआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज १९७९ला उद्यमबागेत सुरू झालं, १९९८मध्ये मच्छेला व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ आलं आणि २०१०मध्ये भुतरामहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ. ही यादी नकाशावर ठेवून बघा. एकेक संस्था गावाबाहेर सरकत महामार्गाला चिकटत गेली, कारण जमीन तिथेच मिळत होती. परवानगी देताना आवार बघितलं, इमारत बघितली, प्रयोगशाळा बघितल्या. फाटकाबाहेर पडलेली मुलगी रस्ता कुठून ओलांडणार, हे कोणी बघितल्याचं दिसत नाही.

संध्याकाळी साडेचार-पाचला खानापूर रोडला उभं राहा. खांद्याला ड्रॉइंग शीटची नळी, हातात मिनी ड्राफ्टर, पाठीला सॅक अशी पोरं डांबर आणि गटार यांच्यामधल्या खडीवर उभी असतात. शेड नाही, फुटपाथ नाही. बससाठी वेगळी जागा नसल्यामुळे बस रस्त्यातच थांबते. मागचा टेम्पो तिला उजवीकडून काढून जातो, आणि त्याच उजव्या बाजूने पलीकडची मुलं बस पकडायला धावत येत असतात. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीनशॉपची पाळीही त्याच सुमाराला सुटते. उसाचा हंगाम असला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधार लवकर पडतो त्या दिवसांत प्रॅक्टिकलची शेवटची बॅच सुटली की माझा जीव मुली घरी पोचेपर्यंत ठिकाणावर नसतो.

आमच्याकडे दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, रस्ता रुंद करा, बायपास करा, मोठा निधी मागा. मला वाटतं मागणी माणसांपासून सुरू व्हावी. या शहराला चांगल्या रस्त्याचा हक्क आहेच, त्याबद्दल मला शंका नाही. पण तो हक्क कोणत्या भाषेत मांडला की कागद पुढे सरकतो? या कामातलं कोणी इथे असेल तर कृपया सविस्तर सांगा. एका कार्यालयात गेलो तर त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी पुन्हा पहिल्यांकडे.

निवृत्त अभियंता

मॅडम, माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली. तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावतो.

निधी कसा वाटला जातो ते आधी बघा. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून केंद्राचा रस्ते व पायाभूत सुविधा निधी उभा राहतो. कायदा २०००चा, २०१८मध्ये नाव आणि व्याप्ती बदलली. त्यातला राज्यांच्या रस्त्यांसाठीचा वाटा राज्याराज्यांत वाटताना ७० टक्के वजन भौगोलिक क्षेत्रफळाला आणि ३० टक्के इंधनाच्या खपाला. लोकसंख्या त्यात नाही, कॉलेजं नाहीत. ‘शैक्षणिक शहर’ असा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. तुमची विषयाची ओळ बरोबर असूनही टेबलावर अडते, त्याचं हे कारण.

दुसरी गोष्ट, रस्ता रुंद करायचा की नाही हे ठरतं पीसीयूवर, म्हणजे सगळी वाहनं मोटारीच्या मापात बदलून केलेल्या मोजणीवर. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची १९९०ची ग्रामीण महामार्गांसाठीची मार्गदर्शिका घ्या. मोटार १, मोटारसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५, बैलगाडी ८. सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याला दिवसाला १५,००० पीसीयू पेलतात असं धरलेलं आहे. आता तुमच्या फाटकाबाहेरचं गणित करा. बसमध्ये ६० विद्यार्थी असले तरी ती ३. तेच ६० जण डबलसीट गाड्यांवरून आले तर ३० गाड्या, म्हणजे १५. बससेवा सुधारली की कागदावर रस्त्याची गरज घटते. आणि चालत रस्ता ओलांडणारी तुमची विद्यार्थिनी? तिला या तक्त्यात आकडाच नाही. ही पद्धत वाहनांसाठी केलेली आहे आणि त्या कामापुरती ती योग्यही आहे. पण तिच्या भरवशावर मुलांची सुरक्षितता मागायला गेलात तर हाती काही लागणार नाही. फार तर दोन पदर वाढवून मिळतील, आणि ओलांडायचं अंतर तेवढंच वाढेल.

म्हणून ‘महामार्गाला निधी’ असं मोघम मागू नका. पहिल्यांदा रस्ता कोणाचा ते लेखी काढून घ्या. पुणे-बेंगळूर महामार्ग, आताचा ४८ क्रमांकाचा, केंद्राचा. खानापूर-लोंढा-अनमोडकडे जाणारा ७४८ केंद्राचाच, पण शहरातून जाणारा तुकडा कोणाच्या ताब्यात आणि पुढचा कोणाच्या, ही हद्द किलोमीटरच्या आकड्यासह विचारा. वेंगुर्ला रोड बाचीपर्यंत कर्नाटकच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा, शिनोळीपासून महाराष्ट्राच्या. तुम्हाला इकडून तिकडे पाठवलं गेलं, त्यामागे बहुतेक वेळा ही हद्दच असते.

मग अपघातांची नोंद. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात ३ कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’. एकदा ते नाव लागलं की दुरुस्तीचा मार्ग वेगळा आणि जवळचा. तातडीच्या कामात फलक, पट्टे, वेग कमी करायला लावणाऱ्या रम्बल स्ट्रिप, दिवे, दुभाजकातली धोक्याची फट बंद करणं. कायमच्या कामात भुयारी मार्ग किंवा सेवा रस्ता. पोलिस ठाण्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, तेव्हा पाल्हाळ नको. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत करा. मराठीतला अर्ज भाषेच्या मुद्द्यावर परत येऊ शकतो, आणि या कामात महिना वाया घालवण्यात अर्थ नाही.

खानापूर रोडची प्राध्यापिका

सर, मनापासून आभार. एवढं स्पष्ट आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पण एक विचारते. पाच अपघात नोंदले जाईपर्यंत आम्ही थांबायचं का? ती पाच नावं माझ्या हजेरीपटातली असू शकतात. आणि किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी गोष्टी पोलिसांपर्यंत जातच नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा पाय गाडीच्या आरशाला लागून ती गटारात पडली. घरच्यांनी घरीच शेक दिला आणि दुसऱ्या दिवशी तिला परीक्षेला पाठवलं. त्याची नोंद कुठे आहे?

निवृत्त अभियंता

नाही मॅडम, थांबायचं नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, त्या समितीकडे रोड सेफ्टी ऑडिट, म्हणजे रस्त्याच्या सुरक्षिततेची तपासणी, मागा. सोबत तुमची स्वतःची मोजणी जोडा. कॉलेज सुटायच्या तासात किती जण, कोणत्या जागी, कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला रस्ता ओलांडतात, एवढंच. तुम्ही फिजिक्स शिकवता, निरीक्षण कसं घ्यायचं ते पोरांना तुम्हीच शिकवणार. असा कागद दिला की समितीने इतिवृत्तात उत्तर नोंदवावं, असा आग्रह धरता येतो. शिवाय २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलंय. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे नसल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत करा. धमकीचा सूर नको.

बस थांब्याची शेड खासदार निधीतून होऊ शकते. वर्षाला ५ कोटींची तरतूद असते, त्यात हे बसतं. मोठ्या कामाची वाट बघत लहान काम अडवून ठेवू नका.

येळ्ळूर शिवार

ताई, तुमचा प्रश्न वाचला, बरं वाटलं. पण ‘वाढीव निधी’ म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, का ते ऐका.

हलगा-मच्छे बायपास ज्या शिवारातून न्यायचं ठरलं ते शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, मच्छेचं शिवार. तिबार पिकाची जमीन. पावसाळ्यात भात, आणि आमच्या बासमतीचा वास काय असतो ते बेळगावकरांना सांगायला नको. भात निघालं की मसूर, वाटाणा, हरभरा, नाहीतर भाजीपाला. एकराच्या आतलेच तुकडे बहुतेकांचे. त्यावर पोरांची शिक्षणं झाली. तुमच्या कॉलेजात आमच्या गल्लीतली मुलं असतील, विचारून बघा. जमीन गेली तर फी कशातून भरायची?

त्यात बळ्ळारी नाला. मोठा पाऊस झाला की नाला फुगतो आणि उभं भात पाण्याखाली जातं. तिथं रस्त्याचा भराव टाकला तर पाणी जाणार कुठं? पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट आम्ही बघतोय म्हणून विचारतो. कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, बायामाणसं शिवारात यंत्रापुढं उभी राहिली. पुढं रिंग रोडचं आलं, त्यात तालुक्यातली ३२ गावं. प्रत्येक वेळी सांगतात, शहर वाढतंय, रस्ता पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी रस्ता सुधारायला आमचा विरोध नाही, लिहून देतो. आहे तो रस्ता नीट करा. शेड करा, दिवे लावा, बस वेळेवर सोडा. पण तुमच्या निवेदनात ‘बायपास’ हा शब्द आला तर उद्या तोच कागद आम्हाला दाखवतील, बघा, शिक्षकसुद्धा मागताहेत म्हणून.

उद्यमबाग मशीनशॉप

दादा, तुमचं दुःख खोटं नाही, पण दुसरी बाजू मांडतो. पुण्याकडून गोव्याला जाणारा अवजड ट्रक आज बेळगावात शिरला की कॉलेज, शाळा, दवाखाना असलेल्या रस्त्यांवरूनच खानापूर रोडला येतो. माझा कास्टिंगचा माल घेऊन जाणारी गाडी बंदीच्या वेळेत अडकली की अर्धा दिवस जातो. मॅडमच्या विद्यार्थिनीला सगळ्यात मोठा धोका कशाचा आहे? त्या ट्रकचाच ना? तो शहराबाहेरून वळवला नाही तर शेड आणि पट्टे मारून किती फरक पडणार? उड्डाणपूल झाले, रेल्वे गेटचा त्रास काही ठिकाणी सुटला, तरी गाडी शेवटी त्याच चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडते.

बायपास नको म्हणणाऱ्यांनी ट्रकला दुसरी वाट सांगावी. जमिनीचा मोबदला चांगला मिळावा, भरावाऐवजी खांबांवरून न्यावा, त्याला माझा पाठिंबा आहे. पण बायपास लागणार. कॉलेजं वाढली तशी कारखानदारीही वाढली, आणि या कॉलेजांतून शिकलेली निम्मी मुलं पुण्याला का जातात, हेही कधीतरी विचारात घ्या. आमचा माल वेळेत बाहेर गेला तर त्यांना इथे काम देता येईल.

चंदगडची

मॅडम, मी चंदगड तालुक्यातून येते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडच्या खूप मुली बेळगावला शिकतात. कोल्हापूर लांब पडतं, तिथं जायचं तर हॉस्टेलच घ्यावं लागतं. या चर्चेत सगळे खानापूर रोडबद्दल बोलताहेत, पण वेंगुर्ला रोडवरून येणारे आम्ही पण बेळगावचेच विद्यार्थी आहोत.

आमचा रस्ता म्हणजे पाटणे फाटा, शिनोळी, बाची, तुरमुरी, सुळगा, हिंडलगा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं की खोली कळत नाही. दुचाकीवरून येणारी मुलं पुढच्या गाडीचं चाक कुठून जातं ते बघत बघत चालवतात. उद्योगांच्या गाड्या शिनोळीला, वाळू-खडीच्या गाड्या त्याच रस्त्याला. सीमेवर काही तणाव झाला की दोन्हीकडच्या बस बंद. मग शिनोळीपर्यंत यायचं, पुढं बाचीपर्यंत चालत जायचं आणि तिथून वडाप बघायचं. २०२२च्या डिसेंबरात असंच झालं तेव्हा मी अकरावीला होते, प्रॅक्टिकल बुडालं आणि पुन्हा घ्यायला सर तयार नव्हते.

माझ्या शेजारी तुरमुरीची मैत्रीण बसते. जून २०२३पासून कर्नाटकच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेत तिला तिकीट लागत नाही, मला लागतं, कारण माझा पत्ता महाराष्ट्राचा. तिला मिळतंय याचा मला आनंदच आहे. पण निवेदनात विद्यार्थी मोजणार असाल तर आम्हालाही मोजा. महाराष्ट्रवाले म्हणतात तुम्ही शिकता कर्नाटकात, कर्नाटकवाले म्हणतात तुम्ही राहता महाराष्ट्रात. आमच्या गावाची मोजणी चंदगडात होते, कॉलेजची बेळगावात, आणि रस्त्याच्या वेळी आम्ही कुठेच नसतो.

खानापूर रोडची प्राध्यापिका

बाळ, तुझं वाचून मसुद्याचा पहिला परिच्छेद बदलला. वेंगुर्ला रोड त्यात येणार, आणि बाची-शिनोळीच्या दोन्ही बाजूंच्या बांधकाम खात्यांना एकाच दिवशी प्रत जाणार. दोघांनाही कळू दे की दुसऱ्याकडेही तोच कागद आहे.

येळ्ळूरच्या दादांना: निवेदनात ‘बायपास’ हा शब्द येणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. आमची मागणी कॉलेजच्या फाटकापासून बस थांब्यापर्यंतच्या अंतराची आहे, आणि त्या अंतरासाठी कोणाचं शिवार घ्यावं लागत नाही.

मशीनशॉपवाल्या दादांचं ट्रकबद्दलचं म्हणणं मला पटतं. फक्त, ज्या कामाला कोर्ट, भूसंपादन आणि दोन सरकारं लागतात त्याच्या मागे माझ्या मुलींचा दिवा आणि पट्टा बांधून ठेवायला मी तयार नाही. तोवर कॉलेज भरायच्या आणि सुटायच्या तासाला अवजड वाहनांची बंदी काटेकोर पाळली जावी, हे मी लिहिणार आहे. तुम्हाला त्याचा त्रास होईल, हे जाणून लिहिणार आहे. तुमच्या उद्योजक संघटनेला पाळी सुटायची वेळ अर्धा तास मागेपुढे करता येईल का, हे तुम्ही तिथे मांडाल का? त्यात कोणाचा पैसा जात नाही.

आणि सर, तुमचं पीसीयूचं गणित मी मागच्या आठवड्यात वर्गात फळ्यावर मांडलं. पोरं गप्प झाली. मग एकाने विचारलं, ‘मॅडम, आमच्यापेक्षा बैलगाडी मोठी?’ मी म्हटलं, रस्त्यावर जागा किती अडवते त्याचा तो हिशेब आहे, जिवाचा नाही, आणि जिवाचा हिशेब आपण करायचा आहे. आता मोजणीला तिसऱ्या वर्षाची मुलं तयार झाली आहेत. सकाळी कॉलेज भरताना आणि संध्याकाळी सुटताना, बस आली की किती चढले, किती राहिले, किती जण रस्ता ओलांडून आले, सगळं टिपायचं. २०११च्या जनगणनेत शहर पाच लाखांच्या आत होतं, त्यानंतरची मोजणी हाती नाही. निदान आमच्या फाटकाची तरी असेल.

मसुद्यात तीनच गोष्टी ठेवतेय. खानापूर रोड आणि वेंगुर्ला रोडवर कॉलेजांसमोर बस रस्त्याबाहेर थांबेल अशी जागा, शेडसह. ओलांडायच्या जागी उंचावलेला पट्टा आणि दिवा. पादचारी पूल मागत नाही, कारण जड सॅक घेऊन तो कोणी चढत नाही आणि अंधारात मुली त्यावर जात नाहीत. आणि भुतरामहट्टीला ४८ क्रमांकाच्या महामार्गावर मुलं कुठून ओलांडतात, याचं सेफ्टी ऑडिट. हिरेबागेवाडीला राणी चन्नम्मा विद्यापीठाचं नवीन आवार आहे, तिथंही असंच ऑडिट व्हावं.

निवृत्त अभियंता

उत्तम. एक भर घाला. दुभाजकातल्या फटींची यादी, प्रत्येकीच्या जवळच्या किलोमीटर दगडाच्या आकड्यासह आणि फोटोसह. ‘कॉलेजसमोर’ असं लिहिलं तर पाहणी करणारा एका बाजूने गाडीतून बघून निघून जातो. आकडा लिहिला की त्याला तिथे उतरावं लागतं.

चंदगडची

मॅडम, वेंगुर्ला रोडची मोजणी आम्ही करतो. सुळग्यापासून हिंडलग्यापर्यंत माझ्या मैत्रिणी आहेत, शिनोळीला मी थांबते. रकाने कसे आखायचे तेवढं पाठवा.

येळ्ळूर शिवार

ताई, सह्या पाहिजे असतील तर सांगा. शहापूर-वडगावातून पालकांच्या सह्या आम्ही आणतो. कन्नड मसुदा लिहायला माझा पुतण्या आहे, कन्नड माध्यमात शिकलाय, अर्ज चांगला लिहितो. मराठी प्रत तुमच्याकडून, कन्नड आमच्याकडून.